एडिटर बसवण्याआधीची तयारी



गेल्या पालक दिनी संगणक कक्षातल्या पाच नंबरच्या मशीनवर लाल ओळींनी भरलेला पडदा दिसत होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला आणि मशीन बिघडले असे समजून पुढे गेला. मशीन ठणठणीत होते. त्या लाल ओळी माझ्यामुळे आल्या होत्या. नेमके काय चुकले आणि काम बरोबर कसे करायचे, हे मी नंतर शिकलो. तेच या पानावर लिहीत आहे. नववी-दहावीत ज्यांना प्रोग्रॅमिंगसाठी स्वतःच्या पसंतीचा एडिटर तयार करायचा आहे, त्यांना याचा उपयोग होईल.

साधा एडिटर आणि सजवलेला एडिटर

प्रोग्रॅम लिहायला लागतो तो टेक्स्ट एडिटर. आपल्या कक्षातल्या मशीनवर 'नॅनो' नावाचा साधा एडिटर असतो. मी निवडला 'निओव्हिम'. त्याचे घराणे जुने आहे. १९७६ मध्ये बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला, १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनार यांनी त्याच धर्तीवर 'व्हिम' प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये व्हिममधून 'निओव्हिम' निघाला. माऊसला हात न लावता, फक्त कीबोर्डवर सगळे काम करता येते हे त्याचे वैशिष्ट्य. हे सर्व विनामूल्य मिळते, हे पालकांसाठी मुद्दाम सांगतो.

मोकळा निओव्हिम उघडला तर त्यात फारसे काही दिसत नाही. आपल्याला हवे ते रंग, चुका दाखवणाऱ्या खुणा, शब्द पूर्ण करण्याची सोय, फाइली शोधण्याची खिडकी हे सर्व आपण सेटिंगच्या फाइली लिहून त्यात आणतो. या फाइलींच्या संचाला मी या लेखात 'मांडणी' म्हणेन. मांडणी एका फोल्डरमध्ये असते, ती 'लुआ' भाषेत लिहितात आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर सहज नेता येते.

इथेच माझी फसगत झाली. मांडणी म्हणजे पाककृतीचा कागद. पुरणपोळीची कृती हातात आली म्हणून घरात डाळ, गूळ आणि पुरणयंत्र आपोआप येत नाही. निओव्हिमची मांडणी स्वतः थोडेच काम करते. शोधायचे काम ती एका बाहेरच्या प्रोग्रॅमला सांगते, उतरवून घ्यायचे दुसऱ्याला, चुका तपासायचे तिसऱ्याला. हे बाहेरचे प्रोग्रॅम मशीनवर नसतील तर मांडणी कितीही चांगली असो, ती अडते.

त्या दिवशी काय झाले

मी सुटीत घरी दादाच्या लॅपटॉपवर 'किकस्टार्ट' नावाच्या तयार नमुन्यावरून माझी मांडणी बनवली. ती पहिल्याच प्रयत्नात सुंदर चालली. दादा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या लॅपटॉपवर तीन वर्षांत लागेल ते सगळे आधीच बसलेले होते. हे माझ्या लक्षातच आले नाही. मला वाटले, माझी मांडणीच उत्तम आहे.

शाळेत परत आल्यावर मी आठवीतल्या दोन ज्युनिअर्सना सांगितले की पालक दिनाला त्यांचा प्रोग्रॅम या नव्या एडिटरमध्ये दाखवू. फॉल-इनच्या वेळी कोण हजर, कोण गैरहजर हे नावांच्या फाइलीवरून सांगणारा पायथॉनमधला छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. मी त्यांना बटणांचा तक्ता करून दिला. प्रेपनंतरच्या मोकळ्या वेळात त्यांनी तो पाठ केला.

गुरुवारी संध्याकाळी सरांनी मशीनवर अॅडमिनचा पासवर्ड घातला. मी निओव्हिम बसवला, मांडणी उतरवून घेतली, तेवढ्यात घंटा झाली. एडिटर एकदाही न उघडता मी मशीन बंद केले. शनिवारी सकाळी पालकांसमोर तो पहिल्यांदा उघडला आणि लाल ओळी आल्या.

त्या दोघांपैकी एकाचे वडील सोलापूरहून रात्रभर रेल्वेने आले होते. यंत्रमागाच्या कारखान्यात ते काम करतात. त्यांनी विचारले, "हे लाल काय आहे रे?" मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मशीन जुनं आहे, बाबा." मग त्याने नॅनो उघडला, प्रोग्रॅमची फाइल दाखवली आणि प्रोग्रॅम चालवूनही दाखवला. त्याचे काम चोख होते.

इथे वरच्या वर्गातल्यांना सर म्हणायची पद्धत आहे, पण आम्ही मराठी बोलतो तेव्हा तो मला दादा म्हणतो. त्याने मला सांभाळून घेतले होते आणि तेच मला सहन झाले नाही. मी म्हणालो, "काका, मशीन जुनं नाही. माझी तयारी अपुरी होती. मी आधी चालवून बघितलं नाही."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडं बीम चढवलं, धोट्यात कांडी घातली, तरी आधी हातानं चाक फिरवून बघतो. मग मोटार चालू."

संध्याकाळी मी सरांकडे गेलो आणि झाले ते सांगितले. त्यांनी शिक्षा दिली नाही. एक कोरा कागद दिला आणि त्यावर तीन रकाने आखायला लावले: काय हवे, कशासाठी हवे आणि चालते हे कसे कळले. म्हणाले, "तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढची वस्तू बसवायची नाही." पुढच्या शनिवारी मला दोन तास मिळाले. त्या कागदावरून खालचा पाठ तयार झाला आहे.

सामानाची यादी

आमच्या मशीनवर उबंटू २२.०४ आहे, म्हणून उदाहरणे त्याची आहेत. आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकावीत. सुरुवात 'एपीटी अपडेट' या आज्ञेने करा. तिच्यामुळे उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी ताजी होते. जुन्या यादीवरून मागणी केली तर कधी कधी वस्तू सापडत नाही.

१. योग्य आवृत्तीचा निओव्हिम. माझी पहिली चूक इथे होती. उबंटू २२.०४ च्या भांडारातून निओव्हिम मागवला तर ०.६.१ ही आवृत्ती मिळते. माझ्या मांडणीत बटणे ठरवणारा 'कीमॅप' हा भाग वापरला होता आणि तो निओव्हिममध्ये ०.७ पासून आला. म्हणजे मी जुन्या एडिटरकडे त्याच्याजवळ नसलेली वस्तू मागत होतो. उपाय असा की निओव्हिमच्या अधिकृत प्रकाशनातून नवी स्थिर आवृत्ती उतरवून घ्यायची, 'ऑप्ट' फोल्डरमध्ये उलगडायची आणि तिचा पत्ता 'पाथ' मध्ये घालायचा. पाथ म्हणजे आज्ञा दिल्यावर मशीन ज्या फोल्डरांत क्रमाने शोध घेते त्यांची यादी. जुनी आवृत्ती काढली नाही आणि तिचे फोल्डर यादीत आधी असले, तर नवी बसवूनही जुनीच उघडते. 'व्हिच एनव्हिम' ही आज्ञा नेमका कोणता निओव्हिम उघडतो आहे ते सांगते. बदल केल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे.

२. गिट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले. आपली मांडणी आणि तिच्यातली सर्व जोडसाधने, म्हणजे प्लगइन, गिटनेच उतरतात. पहिल्यांदा एडिटर उघडताच तो एकामागून एक प्लगइन आणायला लागतो, त्यामुळे त्या वेळी इंटरनेट हवे आणि धीरही हवा. मध्येच खिडकी बंद करू नये.

३. सी भाषेचा कंपायलर आणि मेक. पायथॉन लिहायला सी कशाला, असे ज्युनिअरने विचारले. प्रोग्रॅमला अर्थाप्रमाणे रंग देण्याचे काम 'ट्री-सिटर' करते. प्रत्येक भाषेच्या व्याकरणाचा सी मधला कोड आपल्याच मशीनवर कंपाइल होतो, मग ते व्याकरण वापरता येते. निओव्हिमबरोबर काही थोड्या भाषांची व्याकरणे तयार येतात, पण पायथॉनचे त्यांत नाही. उबंटूत 'बिल्ड-इसेन्शियल' हा एकच गठ्ठा बसवला की कंपायलर आणि मेक दोन्ही मिळतात.

४. कर्ल आणि अनझिप. एक फाइल उतरवतो, दुसरा गुंडाळलेली फाइल उलगडतो. दोन्ही इतके साधे की कोणी यादीत लिहीत नाही आणि नेमके तेच नसतात. आमच्या मशीनवर अनझिप नव्हता.

५. रिपग्रेप आणि एफडी. रिपग्रेप फाइलींच्या आतला मजकूर शोधतो, एफडी फाइलींची नावे शोधतो. इथे नावांचा घोळ लक्षात ठेवा. रिपग्रेप बसवताना पूर्ण नाव द्यायचे, चालवताना मात्र 'आरजी' एवढेच. एफडीचे तर तीन अवतार आहेत. मूळ प्रोग्रॅम एफडी, उबंटूतल्या गठ्ठ्याचे नाव 'एफडी-फाइंड' आणि चालवायची आज्ञा 'एफडीफाइंड', कारण एफडी हे नाव तिथे आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतलेले आहे. मी पंधरा मिनिटे 'एफडी' टंकत बसलो आणि बसलेला प्रोग्रॅम बसला नाही असे समजत राहिलो.

६. नोड जेएस. हेही पायथॉनच्या मुलांना खटकते. आपण लिहीत असताना चूक दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला 'लँग्वेज सर्व्हर' म्हणतात. एडिटर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याची पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून एकच सर्व्हर अनेक एडिटरांना चालतो. पायथॉनसाठी मी घेतलेला सर्व्हर 'पायराइट'. तो टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला असून नोडवर चालतो. त्याला नोडची १४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि उबंटू २२.०४ च्या भांडारात १२ आहे. म्हणून नोडची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती तिच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावी.

७. पायथॉनचा व्हेनव्ह. पायथॉन मशीनवर होतेच, म्हणून मी निर्धास्त होतो. पण उबंटू पायथॉनचा 'व्हेनव्ह' हा भाग वेगळ्या गठ्ठ्यात देते. पायथॉनची हत्यारे स्वतंत्र कप्प्यात ठेवण्यासाठी तो लागतो. कोड नीटनेटका करणारी साधने त्याच्याशिवाय बसत नाहीत. गठ्ठ्याचे नाव 'पायथॉन३-व्हेनव्ह'.

८. क्लिपबोर्डचा दुवा. एडिटरमधून उचललेला मजकूर बाहेरच्या खिडकीत चिकटवण्यासाठी हा लागतो. मशीनचा पडदा 'वेलँड' पद्धतीने चालत असेल तर 'डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड', 'एक्स-११' पद्धतीने चालत असेल तर 'एक्सक्लिप'. आधी आपली पद्धत कोणती ते पाहावे आणि मग बसवावे.

९. नर्ड फॉन्ट. मांडणीत फाइली-फोल्डरांची छोटी चित्रे दिसतात ती खास फॉन्टमधून येतात. साध्या फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बसवून भागत नाही. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन तो निवडावाही लागतो. फॉन्ट एडिटरच्या नव्हे तर टर्मिनलच्या ताब्यात असतो, म्हणून एडिटरची सेटिंग कितीही चाळली तरी चौकोन जात नाहीत.

सगळ्यात शेवटी मांडणी. घरच्या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाचे फोल्डर असते. त्याच्या नावाआधी टिंब असल्याने ते सहज दिसत नाही. त्यात 'एनव्हिम' फोल्डर आधीच असेल तर ते पुसू नका, त्याचे नाव बदलून बाजूला ठेवा. मागे फिरायची वाट मोकळी राहते.

गंमत म्हणजे यातल्या बहुतेक वस्तू मांडणीच्या माहितीच्या फाइलीत, 'बाहेरून लागणाऱ्या गोष्टी' अशा मथळ्याखाली लिहिलेल्या होत्या. मी ती फाइल उघडलीच नव्हती.

बसले आणि चालले यांतला फरक

'इन्स्टॉल झाले' हा संदेश एवढेच सांगतो की फाइली जागेवर ठेवल्या गेल्या. वस्तू चालते की नाही हे तिला विचारावे लागते. प्रत्येक आज्ञेपुढे दोन लहान रेघा आणि 'व्हर्जन' हा शब्द टंकला की बहुतेक प्रोग्रॅम आपली आवृत्ती सांगतात. उत्तर आले तर तो आकडा तिसऱ्या रकान्यात लिहायचा आणि मांडणीला हव्या असलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. 'आज्ञा सापडली नाही' असे उत्तर आले तर नाव चुकले आहे, वस्तू बसलेली नाही किंवा पाथमध्ये नाही. या तीन शक्यता याच क्रमाने तपासाव्यात.

शेवटी निओव्हिम उघडून 'चेकहेल्थ' ही आज्ञा द्यावी. एडिटर स्वतःची आणि आजूबाजूच्या साधनांची तपासणी करून काय ठीक आहे, कशाबद्दल इशारा आहे आणि कुठे चूक आहे हे वेगवेगळे दाखवतो. प्रत्येक इशारा दूर करायची गरज नाही. मी रूबी भाषा वापरत नाही, तर तिच्याबद्दलचा इशारा तसाच राहिला तरी चालतो. 'चूक' असे लिहिलेले मात्र सोडू नये.

हे आपल्याला नवीन नाही. किट इन्स्पेक्शनला बूट पेटीत आहेत असे सांगून कोणाचे समाधान होत नाही. बूट बाहेर काढून, तळ वर करून दाखवावे लागतात.

लाल ओळी आल्या तर

त्या दिवशी मी शेवटची ओळ वाचली आणि घाबरलो. खरे कारण बहुतेक वेळा पहिल्या ओळीत असते. पहिल्या अडचणीमुळे पुढच्या दहा अडचणी उभ्या राहतात. माझ्या पडद्यावरची पहिली ओळ स्पष्ट सांगत होती की 'कीमॅप' मिळत नाही. ती शांतपणे वाचली असती तर आवृत्ती जुनी आहे हे पाच मिनिटांत कळले असते. म्हणून पहिली ओळ वहीत उतरवून घ्या, एकच गोष्ट बदला आणि पुन्हा चालवून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणखी एक शिस्त पाळावी. 'सुडो' लावून दिलेली आज्ञा मशीनच्या पूर्ण अधिकाराने चालते. कुठेतरी दिसलेली आज्ञा अर्थ न समजता सुडोसह चिकटवू नये. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिथे 'शा-२५६' ची बेरीज दिलेली असेल तर ती आपल्या उतरवलेल्या फाइलीच्या बेरजेशी जुळते का ते पाहावे. ६४ अक्षरांपैकी एक जरी वेगळे असेल तर ती फाइल वापरू नये. कक्षातला अॅडमिनचा पासवर्ड सरांकडेच असतो. तो आपल्याला नको असतो, हे मला आता पटले आहे.

पुढचा शनिवार

दोन तासांपैकी दीड तास यादी भरण्यात गेला आणि मांडणी वीस मिनिटांत उभी राहिली. आठवीचे दोघेही होते. फाइल उघडली तेव्हा त्यांच्या हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये पायराइटने एका ओळीखाली खूण केली. एका व्हेरिएबलचे स्पेलिंग चुकले होते. नावांची फाइल रिकामी असली तरच ती ओळ चालली असती, म्हणून चूक इतके दिवस लपून राहिली होती. ती दुरुस्त करताना ज्युनिअर म्हणाला, "दादा, हे त्या दिवशी दिसलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तो तीन रकान्यांचा कागद त्याच्या हातात दिला. आता तो पाच नंबरच्या मशीनशेजारी लावलेला आहे आणि सहा नंबरचे मशीन तो स्वतः तयार करतो आहे. रविवारच्या फोनवर त्याने वडिलांना सांगितले की हाताने चाक फिरवून झाले, आता मोटार चालू करणार.

सरावासाठी

१. आपण वापरत असलेल्या मशीनवर वरच्या नऊपैकी कोणत्या वस्तू आहेत ते आज्ञा देऊन तपासा आणि आवृत्त्यांसह तीन रकान्यांचा तक्ता करा.

२. ज्या वस्तूचा दुसरा रकाना, म्हणजे 'कशासाठी', तुम्हाला भरता येत नाही ती तूर्त बसवू नका. आधी सरांना किंवा वरच्या वर्गातल्या कॅडेटला विचारा.

३. कोणाला काही दाखवायचे वचन देण्याआधी ते त्याच मशीनवर, त्याच जागी, एकदा स्वतः चालवून पाहा.

जय हिंद!